शेवटच्या महिन्यांची नोंद कोणाकडे?

अंबरनाथ स्टेशनबाहेर वडापावची गाडी लावायची तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. उल्हासनगरच्या बाजारात किराणा दुकानदाराला आपला तराजू ठरलेल्या मुदतीत वैधमापन विभागाकडून तपासून घ्यावा लागतो. बदलापुरात रिक्षा चालवायला परवाना लागतो, बॅज लागतो. आता चौथा धंदा घ्या. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या किंवा कर्करोग शेवटच्या टप्प्यावर पोहोचलेल्या माणसाला महिन्याचे पैसे घेऊन दिवसरात्र ठेवून घेणारे केंद्र. 'पेशंट केअर सेंटर', 'बेडरिडन रुग्णांची २४ तास देखभाल' अशा पाट्या आणि पत्रके आता मुंबईभोवतीच्या प्रत्येक वाढत्या शहरात दिसतात. या केंद्राला कोणाची परवानगी लागते? तिथे रात्री किती माणसे जागी असतात, हे कोण बघते?

हा प्रश्न कोणावरही येऊ शकतो. मोठ्या रुग्णालयातले डॉक्टर सांगतात, 'आता आणखी इलाज नाही, घरी घेऊन जा.' घर म्हणजे बदलापूरचा वन बीएचके. मुलगा पहाटेची लोकल पकडून सुमारे ६८ किलोमीटरवरच्या सीएसएमटीला जातो. सूनही नोकरी करते, नातवंडे शाळेत. रुग्णाला कूस बदलायला, लघवीची पिशवी रिकामी करायला, नळीतून अन्न द्यायला दिवसभर माणूस हवा. मग कोणीतरी घरी माणूस पाठवणाऱ्या नर्सिंग ब्यूरोचा नंबर देते, कोणी केंद्राचा पत्ता देते, आणि दोन दिवसांत निर्णय घ्यावा लागतो. आयुष्यातला इतका अवघड व्यवहार माणूस इतक्या घाईत आणि इतक्या कमी माहितीवर दुसरा कुठलाच करत नाही.

इलाज थांबतो तेव्हा सुरू होणारी सेवा

बरे होण्याची शक्यता संपली तरी करण्यासारखे पुष्कळ उरते. वेदना थांबवणे, धाप कमी करणे, मळमळ आणि बद्धकोष्ठ आटोक्यात ठेवणे, पाठीला जखमा होऊ न देणे, रुग्णाशी आणि घरच्यांशी खरे बोलणे. या सगळ्याला मिळून पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. शेवटच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ती जिथे राहून मिळते, ती जागा म्हणजे हॉस्पिस. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले आणि या सेवेला वैद्यकशास्त्राची शिस्त लावली. भारतातले पहिले हॉस्पिस मुंबईचेच. डॉ. लुईस डिसोझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू केले. पुण्यात वारज्याला सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून चालू आहे.

या दोन्ही ठिकाणी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत, आणि दोन्ही मुख्यतः कर्करोगाच्या रुग्णांसाठी आहेत. खाटा मोजक्याच. मेंदूच्या झटक्यानंतर वर्षभर पडून असलेले, स्मृतिभ्रंशाने गिळायचेही विसरलेले, मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिस नको म्हणणारे, असे असंख्य लोक या दारांपर्यंत पोहोचतच नाहीत. गरज मोठी आणि धर्मादाय सेवा थोडी. मधली जागा बाजाराने भरली. आपल्याकडे नफ्यावर चालणारे केंद्र स्वतःला सहसा हॉस्पिस म्हणवत नाही. ते केअर सेंटर म्हणवते, वृद्धाश्रम म्हणवते, नर्सिंग ब्यूरो म्हणवते. काम मात्र बऱ्याच अंशी तेच असते.

नफा घेणे हा गुन्हा नाही. चोवीस तास सेवा द्यायची तर पगार द्यावे लागतात, भाडे भरावे लागते, आणि दानावर सगळ्या जिल्ह्याची सोय होणार नाही. प्रश्न एवढाच की खर्च कुठे कमी केला म्हणजे नफा वाढतो, आणि तो तिथे कमी केल्याचे कोणाच्या लक्षात येते का.

एका रात्रीचे गणित

अंथरुणावर हलू न शकणाऱ्या माणसाच्या माकडहाडावर, टाचांवर आणि खुब्यावर सतत दाब पडत राहतो. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली जाते, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होतात आणि रक्त न मिळालेली त्वचा हळूहळू मरते. त्यात लघवीचा ओलावा असला की ती आणखी लवकर सडते. हेच बेडसोर. आधी नुसता लालसर डाग दिसतो, आणि दुर्लक्ष झाले तर हाडापर्यंत जाणारा खड्डा पडतो. उपाय जुना आणि साधा आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि कातडी कोरडी ठेवायची.

साधा, पण महाग. पंधरा रुग्णांचे केंद्र धरा. प्रत्येकाची कूस दिवसातून बारा वेळा बदलायची म्हणजे १८० वेळा. एका वेळेला दोन माणसे आणि पाच मिनिटे धरली तर रोजचे तीस मनुष्यतास नुसते कूस बदलण्यात जातात. आंघोळ, भरवणे, डायपर, औषधे वेगळी. आता दुसरा हिशेब. आठवड्यात १६८ तास असतात आणि एक माणूस ४८ तास काम करतो. म्हणजे एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची तर साडेतीन माणसांचा पगार द्यावा लागतो, रजा आणि आजारपणे सोडून. पंधरा रुग्णांपाशी प्रत्येक पाळीत तीन मदतनीस ठेवायचे म्हटले तर दहा-अकरा माणसे हवीत, आणि शिवाय परिचारिका.

केंद्राचा सगळा नफा-तोटा या हिशेबात दडलेला आहे. भाडे कमी करता येत नाही, वीजबिल कमी करता येत नाही. रात्रीची दोन माणसे मात्र कमी करता येतात. दुपारी चार वाजता भेटायला आलेल्या मुलाला ते कळत नाही. रात्री दोन वाजता ओल्या चादरीवर पडलेल्या वडिलांना कळते, पण त्यांची वाचा गेलेली असते.

आणि समजा महिन्याभराने माणूस गेला. तो जाणारच होता, असे सगळे म्हणतात. प्रसूतिगृहात लागोपाठ तीन मृत्यू झाले तर शहरात बोंब होते. इथे मृत्यू अपेक्षितच असल्यामुळे वाईट सेवा झाकून जाते. बाजार सुधारतो तो गिऱ्हाईक तक्रार करते म्हणून, किंवा दुसऱ्या दुकानात जाते म्हणून. इथे पैसे देणारा एक, सेवा घेणारा दुसरा, आणि सेवा घेणारा उठून जाऊ शकत नाही. बाजारावर सोडून देऊ नये असे जर काही असेल तर ते हेच आहे, असे मला ठामपणे वाटते.

कायदा कुठपर्यंत पोहोचतो

महाराष्ट्रात खासगी रुग्णालये चालतात ती १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली. केंद्र सरकारने २०१० मध्ये क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा केला, पण महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. आपला भार अजूनही त्या जुन्या कायद्यावर आहे. त्यातली व्याख्या आजही नीट वाचण्यासारखी आहे. आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि शुश्रूषा करण्यासाठी वापरली जाणारी जागा, असा तिचा आशय. म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला नळीने भरवणारे, कॅथेटर बदलणारे, जखमेची पट्टी करणारे केंद्र या व्याख्येत सहज बसते. पाटीवर 'हॉस्पिटल' हा शब्द असलाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही.

नोंदणी तपासायची कोणी, हे हद्दीवर ठरते. उल्हासनगरला महापालिका आहे, तेव्हा तिथे महापालिकेचा वैद्यकीय आरोग्य विभाग. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर इथे नगरपरिषदा आहेत, आणि तिथल्या खासगी रुग्णालयांच्या नोंदणीसाठी जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे, म्हणजे ठाण्याला वळावे लागते. लोकलने काही मिनिटांच्या अंतरावर असलेली ही तीन शहरे कागदावर अशी वेगळी पडतात. उल्हासनगरात राहणाऱ्या कुटुंबाने बदलापूरच्या केंद्रात रुग्ण ठेवला तर तक्रार कुठे करायची, हेही त्याला माहीत नसते.

जानेवारी २०२१ मध्ये राज्याने या कायद्याच्या नियमांत मोठी सुधारणा केली. रुग्ण हक्कांची सनद आणि ठरावीक सेवांचे दरपत्रक दिसेल अशा जागी लावणे, आणि स्थानिक यंत्रणेने तक्रार निवारण कक्ष आणि टोल-फ्री क्रमांक ठेवणे, अशा चांगल्या तरतुदी त्यात आहेत. पण हे सगळे लागू होते नोंदणीकृत शुश्रूषागृहाला. जे केंद्र मुळात नोंदणीच करत नाही त्याच्या भिंतीवर सनद लावायला सांगणार कोण?

नोंदणीऐवजी तिथे बहुधा एक दुसराच कागद चौकटीत लावलेला असतो. तो असतो गुमास्ता. दुकाने आणि आस्थापना कायद्याखालचा हा कागद मालक आणि नोकर यांच्यातल्या संबंधांपुरता आहे, कामाचे तास, सुट्टी, रजा एवढ्यापुरता. २०१७ च्या कायद्यानुसार कामगार थोडे असतील तर नुसती ऑनलाइन सूचना दिली की पुरते. कोणी येऊन जागा बघत नाही. सरकारी मुद्रा पाहून घरच्यांना वाटते की केंद्राला मान्यता आहे. प्रत्यक्षात चपलांच्या दुकानाकडे असतो तोच कागद तो.

काही केंद्रे स्वतःला वृद्धाश्रम म्हणवतात. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ चा आहे. त्याचा रोख मुख्यतः मुलांकडून निर्वाहखर्च मिळवून देण्यावर आणि सरकारी वृद्धाश्रमांवर. पैसे घेऊन चालणारी खासगी केंद्रे आणि घरी माणूस पाठवणारे ब्यूरो यांची नोंदणी आणि त्यांना किमान निकष, असे दोन्ही डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात होते. ते मंजूर झाले नाही आणि लोकसभेची मुदत संपल्यावर २०२४ मध्ये व्यपगत झाले. मला यातली सर्वांत खटकणारी गोष्ट हीच वाटते. दुखणे ओळखले होते, औषधही लिहून झाले होते, आणि चिठ्ठी खिशातच राहिली.

केंद्रे नोंदणी का टाळतात याचे एक कारण मात्र प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. शुश्रूषागृहाच्या नोंदणीसाठी इमारतीची कागदपत्रे लागतात, अग्निशमन दलाचा दाखला लागतो. उल्हासनगर हे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून वाढलेले शहर. तिथल्या बांधकामांच्या कागदांचा प्रश्न इतका जुना आहे की ती नियमित करण्यासाठी २००६ मध्ये राज्याला त्या शहरापुरता स्वतंत्र कायदा करावा लागला. मे २०२१ मध्ये एकाच महिन्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून तिथे माणसे दगावली. अशा इमारतीत पळून जाऊ न शकणारे पंधरा रुग्ण ठेवणे धोक्याचेच, म्हणून दाखल्याची अट सोडता येणार नाही. पण शस्त्रक्रियागृह असलेल्या रुग्णालयाच्या मापाने छोट्या देखभाल केंद्राला मोजले तर ते सुधारत नाही, लपते. म्हणून देखभालीच्या खाटांसाठी वेगळा वर्ग हवा. त्यात यंत्रसामग्रीच्या अटी हलक्या असाव्यात, माणसांच्या अटी कडक.

पैसे देतो कोण, त्यावर लुबाडणूक ठरते

नफ्यासाठी चालणाऱ्या हॉस्पिसचा सगळ्यात मोठा अनुभव अमेरिकेचा आहे. तिथे १९८२ मध्ये संसदेने ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात, म्हणजे मेडिकेअरमध्ये, हॉस्पिसचा समावेश केला. आजार आपल्या गतीने गेला तर रुग्ण सहा महिन्यांहून अधिक जगणार नाही, असे दोन डॉक्टरांनी लिहून दिले की सरकार हॉस्पिसला प्रत्येक दिवसाचा ठरावीक दर देते. सेवा बहुधा रुग्णाच्या घरीच मिळते. त्या बदल्यात तो आजार बरा करण्यासाठीच्या उपचारांचा खर्च मेडिकेअर थांबवते.

हा दिवसाचा दर समजून घ्यायला खानावळीचा डबा पुरेसा आहे. महिन्याचे पैसे ठरलेले. भाजीत बटाटे जास्त घातले की खानावळवाल्याचे वाचतात, आणि मुळात कमी जेवणारे गिऱ्हाईक त्याला सर्वांत परवडते. हॉस्पिसला सर्वांत परवडतो तो फार आजारी नसलेला आणि पुष्कळ दिवस जगणारा रुग्ण. त्याच्याकडे परिचारिकेने आठवड्यातून एकदा जायचे, बिल मात्र सातही दिवसांचे. शेवटच्या तीन दिवसांत तडफडणारा, रात्रीबेरात्री डॉक्टर बोलवावा लागणारा रुग्ण घाट्यात घालतो. म्हणजे ज्याला हॉस्पिसची सर्वांत जास्त गरज तोच नकोसा.

सुरुवातीला बहुतेक हॉस्पिस धर्मादाय होती. आज तिथली सुमारे तीन चतुर्थांश नफ्यासाठी चालतात. कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांनी मार्च २०२२ मध्ये अहवाल दिला. वृद्धांच्या लोकसंख्येच्या मानाने लॉस एंजेलिस परगण्यात हॉस्पिस संस्थांचे प्रमाण देशाच्या सरासरीच्या सहापटींहून अधिक असल्याचे त्यात होते. एकाच इमारतीच्या पत्त्यावर हॉस्पिस आणि घरपोच सेवेचे शंभराहून अधिक परवाने सापडले. धडधाकट माणसांची नावे मरणासन्न म्हणून नोंदवली जात होती. अशा माणसाला पुढे खरा इलाज लागला की विमा पैसे देत नाही. कॅलिफोर्नियाने २०२२ च्या सुरुवातीपासून नवे परवाने गोठवले. २०२३ मध्ये केंद्र सरकारने कॅलिफोर्निया, अॅरिझोना, नेवाडा आणि टेक्सास या चार राज्यांतल्या नव्या हॉस्पिसवर जादा देखरेख सुरू केली.

तिथे परवाना होता, कायदा होता, तपासणीही होती. फसवणूक झाली ती परवान्याच्या आतच. म्हणून आपल्याकडे नुसती नोंदणी सक्तीची केली की प्रश्न सुटेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

आपला धोका मात्र अमेरिकेपेक्षा वेगळा आहे, कारण इथे पैसे सरकार देत नाही. आरोग्यविमाही देत नाही. विमा नियामकाने प्रमाणित करून दिलेल्या अपवादांत पाचव्या क्रमांकाचे कलम आहे. आंघोळ, कपडे, हालचाल यांसाठीची देखभाल, मग ती घरी असो वा केंद्रात, त्याखाली विम्यातून वगळता येते. त्याच कलमात पुढे मरणासन्न रुग्णांच्या शारीरिक, सामाजिक, भावनिक आणि आध्यात्मिक गरजांसाठीच्या सेवाही वगळलेल्या आहेत. बहुतेक पॉलिसींमध्ये हे कलम असते. हॉस्पिसची व्याख्या करायला बसले तर जवळजवळ हेच लिहावे लागेल, आणि तेवढेच नेमके बाहेर ठेवले आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजना उपचारांच्या ठरावीक पॅकेजांवर चालते, आणि सहा महिने कूस बदलत राहणे हे पॅकेज नव्हे.

याचा परिणाम दोन बाजूंनी होतो. आयसीयूतले दिवस विम्यात बसतात आणि शांत खोलीतले बसत नाहीत, म्हणून जगण्याची आशा नसलेला माणूसही व्हेंटिलेटरवर ठेवला जातो. विमा संपला की तोच माणूस घरी येतो, किंवा स्वस्तातल्या केंद्रात. तिथे सगळे पैसे मुलाच्या खिशातून जातात, म्हणून दर पाडण्याची चढाओढ लागते आणि रात्रीची माणसे कमी होतात. अमेरिकेत ज्याला गरज नाही त्याला हॉस्पिसमध्ये ओढले गेले. आपल्याकडे गरज आहे त्याला हॉस्पिसच्या नावाखाली नुसती खाट मिळते.

मॉर्फिनचे कुलूप

एखादे केंद्र खरोखर शेवटच्या दिवसांची सेवा देते की नुसते सांभाळते, हे एका गोष्टीवरून कळते. तिथे तीव्र वेदनेवर मॉर्फिन मिळू शकते का?

मॉर्फिन अफूपासून बनते. मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या ठरावीक जागांना ते चिकटते आणि वेदनेचा निरोप अडवते. साधी गोळी सुमारे चार तास काम करते, म्हणून ती दर चार तासांनी, दुखायची वाट न पाहता द्यायची असते. कर्करोगाच्या वेदनेवर डॉक्टरच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनने रुग्ण व्यसनी होतो, ही भीती अनाठायी आहे. बद्धकोष्ठ मात्र जवळपास सगळ्यांना होतो, म्हणून जुलाबाचे औषध बरोबरच लिहावे लागते. ते न लिहिणारा डॉक्टर या कामात नवखा आहे असे खुशाल समजावे.

भारत कायदेशीर अफू पिकवतो, तिच्यावर प्रक्रिया करणारे सरकारी कारखाने नीमच आणि गाझीपूरला आहेत, गोळी स्वस्त आहे. तरी वर्षानुवर्षे ती रुग्णापर्यंत पोहोचत नव्हती, कारण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने प्रत्येक राज्यात वेगवेगळे आणि अनेक परवाने मागितले. एक हातात येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिनसह सहा औषधे अत्यावश्यक ठरली आणि देशभर एकच पद्धत आली. प्रशिक्षित डॉक्टर असलेल्या आणि साठ्याची वही नीट ठेवणाऱ्या संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकांकडून, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडून, मान्यता मिळते. त्यानंतर वेगळे परवाने लागत नाहीत.

डॉक्टरच नसलेल्या केंद्राला ही मान्यता मिळणे शक्य नाही. पण रुग्णाची नोंद मान्यताप्राप्त रुग्णालयात असेल तर त्याच्या नावावर चिठ्ठीनुसार मिळालेल्या गोळ्या वेळेवर देणे आणि लिहून ठेवणे केंद्राला करता आले पाहिजे. परळच्या टाटा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरचा स्वतंत्र विभाग आहे. कर्करोगाचा रुग्ण तिथून 'इलाज संपला' म्हणून परत येत असेल तर निघण्यापूर्वी त्या विभागाची चिठ्ठी आणि दूरध्वनी क्रमांक घेणे फार उपयोगाचे.

चौकट: रुग्ण ठेवण्यापूर्वी विचारा

शुश्रूषागृह नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवा म्हणावे. गुमास्ता पुढे केला तर तो पुरेसा नाही. रात्री दहा ते सकाळी सहा किती माणसे जागी असतात आणि त्यांतली परिचारिका कोण, तिची परिचर्या परिषदेत नोंद आहे का? कूस बदलल्याची वेळ लिहिलेला तक्ता आधीच्या रुग्णाचा, नाव झाकून, पाहायला मागावा. वेदना शून्य ते दहा या मापात रोज लिहितात का? डॉक्टर किती दिवसांनी येतात, रात्री फोन कोणाला करतात? अनामत किती, आणि रुग्ण चार दिवसांत गेला तर परत किती? न सांगता भेटायला येता येईल का? शेवटच्या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर मिळाले तर पुढचे काही विचारू नये, दुसरी जागा शोधावी.

तक्रार आणि इच्छापत्र

पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात स्पष्ट केले. देखभाल केंद्राची सशुल्क सेवाही त्यातून सुटत नाही. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. बिल राहिले म्हणून मृतदेह अडवून ठेवू नये, हे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत आहे.

इच्छापत्राची गोष्ट याला जोडूनच येते. बरे होण्याची आशा नसेल तर व्हेंटिलेटर नको, असे माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते मान्य केले आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढे पुरते. एक प्रत स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची, म्हणजे उल्हासनगरला महापालिकेत, अंबरनाथ आणि बदलापूरला नगरपरिषदेत. मुंबईतले डॉक्टर निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात याचिका केल्यावर राज्यात असे अधिकारी नेमले गेले.

घरीच सेवा मिळाली तर

केरळने २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचे धोरण केले आणि घरी जाऊन सेवा देण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली. त्याआधी १९९३ पासून कोझिकोडला डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांच्या संस्थेने शेजाऱ्यापाजाऱ्यांना, विद्यार्थ्यांना, रिक्षावाल्यांना शिकवून तयार केले होते. परिचारिका येते, जखम बघते, मुलीला कूस बदलायला शिकवते, औषध देऊन जाते. घरी मदत मिळाली की पुष्कळ कुटुंबांना केंद्राची गरजच पडत नाही, आणि पडली तरी नाइलाजाने मिळेल ती जागा घ्यावी लागत नाही. केंद्र सरकारचा पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ चा आहे, आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांतही वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह सेवा आहे. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे छाया रुग्णालय आणि बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय ही तीन सरकारी ठिकाणे एकाच रेल्वेमार्गावर आहेत. तिथून दोन परिचारिका आणि एक वाहन एवढ्यावर घरभेटी सुरू करता येतील.

आणि न नोंदवलेली केंद्रे शोधण्यासाठी वेगळी मोहीम काढायची गरज नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. मृत्यू कुठल्या पत्त्यावर झाला हे एकवीस दिवसांत कळवावे लागते, आणि रुग्णालय, शुश्रूषागृह, इतकेच काय धर्मशाळा आणि वसतिगृहाच्या प्रमुखावरही ती जबाबदारी आहे. ही नोंदवही महापालिकेत आणि नगरपरिषदेत आधीपासून भरली जाते. रुग्णालय म्हणून नोंद नसलेल्या एकाच पत्त्यावर वर्षभरात तीन-चार वेगवेगळ्या आडनावांचे मृत्यू दिसले, तर तिथे बहुधा केंद्र चालते. वही तपासून असे पत्ते दर तिमाहीला काढायचे, उल्हासनगरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि बाकी दोन शहरांतून ठाण्याला पाठवायचे, आणि त्या पत्त्यावर आरोग्य अधिकाऱ्याने न कळवता, रात्री जायचे.